आठ बोल्ट आणि एक आमेन

आमच्या घरी इंजिन दुरुस्त करायला तीन माणसं लागतात: दोन वाद घालायला आणि एक गप्प बसायला. गप्प बसायचं काम माझं.

आमच्या मरोळ गावठाणात आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, क्रुसामागच्या मैदानात जेवण आणि बँड असतो. यंदा तिथे गुडघाभर गवत! पप्पांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "आमचं मशीन शनिवारी साफ करून देईल." गवत कापायचं हे मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठं. त्याचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या झाकणामधला पातळ थर, जळलं होतं. नवं मिळालं, तेही एकच.

"भंगारात टाक रे बस्त्याव!" शेजारचे पास्कू अंकल पप्पांना म्हणाले. (ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात, म्हणून सगळ्या यंत्रांचे डॉक्टर.)

"तू गप रे!" म्हणत पप्पा माझ्याकडे वळले. "बेबी, मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. इंग्लिश मीडियमचा उपयोग होऊ दे."

"बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. तीन फेऱ्या," मी पुटपुटले.

"म्हणजे क्रुसाची खूण कर ना!" अंकल.

पप्पांनी पाना लावला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. "आमेन!" म्हणून पाना ठेवून दिला.

बोल्ट आठ होते.

उरलेले चार नुसते बोटांनी फिरवलेले. मला दिसत होतं. पण दोघं पेट्रोलवरून भांडत होते आणि मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, म्हणून मी ते थांबायची वाट पाहिली. (अजून थांबलेले नाहीत.)

पप्पांनी दोरी ओढली. फुस्स्स!

"गॅस्केट डुप्लिकेट!"

"तुझा हात डुप्लिकेट!"

पप्पा पुन्हा दोरी ओढायला वाकले. सैल बोल्टांवर इंजिन चाललं असतं, तर आमचं एकुलतं एक गॅस्केटही गेलं असतं!

"थांबा! चार बोल्ट राहिलेत!" मी अशी ओरडले की समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"तुला कधी दिसलं?" पप्पांनी विचारलं.

"आमेनच्या वेळी."

"मग तेव्हाच बोलायचं ना गं!"

"प्रार्थनेच्या मध्ये कसं बोलणार?"

झाकण उघडलं. गॅस्केट शाबूत! पप्पांनी पाना माझ्या हातात दिला. मी आठही बोल्ट तीन फेऱ्यांत आवळले. अंकल प्रत्येक बोल्टला आमेन म्हणत होते.

पहिल्याच ओढीला मशीन धडधडलं. मैदानातलं गवत मीच कापलं. इंजिनचा आवाज एवढा, की कोणालाच काही ऐकू येईना. पप्पांना आणि अंकलना जे जे सांगायचं राहिलं होतं, ते सगळं मी तासभर मोठमोठ्याने बोलून घेतलं. दोघंही लांबून कौतुकाने हात हलवत होते!