एका घरातले दोन सज्जन

ऊतोह बंताने उभ्या आयुष्यात एकतीस घरं बांधली आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं. हे मी त्याला महिन्यातून एकदा तरी कॉफीच्या टपरीवर, चारचौघांत ऐकवायचो. ऊतोह म्हणजे सुतार. तो पेल्यातून नजर न काढता म्हणायचा, "तुझं तरी कुठंय, दुल्ला?"

मग मी विषय बदलायचो. कारण माझंही नाही. आमच्या लाम केतापांग गावात घर कुठल्याच पुरुषाचं नसतं. ते आईकडून लेकीला जातं, लेकीकडून तिच्या लेकीला. भातखाचरंही बहुतेक त्याच वाटेने जातात. पुरुष लग्न करतो, बायकोच्या घराच्या जिन्याशी येतो, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतो आणि वर चढतो, तो जन्मभराचा पाहुणा म्हणून. त्याची स्वतःची मिळकत म्हणजे लुंगी, कोयता आणि तोंड. पैकी तोंड मी बऱ्यापैकी राखलंय.

बंताचं तोंड मात्र बिनवापराचं. उंच खांबांवरची घरं तो एकही खिळा न ठोकता उभी करायचा, सगळं खुंट्यांवर आणि पाचरांवर. खांबाला बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा आणि हा पावसाळ्यात कुरकुरेल, हा नाही, असं सांगायचा. लाकडाशी एवढं बोलणं झाल्यावर माणसांसाठी काही उरत नसावं. दोघांच्या वाट्याचं त्याची बायको राबिया बोलायची. मी तिच्याकडून कितीतरी बातम्या उचलल्यात. ती देवाघरी गेली, तेव्हा मला गावाच्या निम्म्या भानगडींचा ठावठिकाणा लागेनासा झाला.

त्यांची एकुलती लेक जुवेरिया. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न वरच्या गावच्या तारमिझीशी झालं. रिवाजाप्रमाणे आईबापांनी मधली खोली नवरा-नवरीला मोकळी करून दिली आणि स्वतः मागच्या पडवीत, चुलीशेजारी अंथरूण घातलं. इथवर सगळं सगळ्यांसारखंच.

आता सासरा आणि जावई. आमच्याकडे ते एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे, आदर असतो म्हणून. एक टपरीत शिरला की दुसरा अर्धी कॉफी टाकून उठतो. जावई जितका लांब राहील तितका तो चांगल्या घरचा. या मापाने तारमिझीइतका चांगल्या घरचा जावई मी पाहिला नाही. लांबून सासऱ्याची टोपी दिसली की मोटरसायकल सरळ सुपारीच्या बागेत घालायचा. एकदा पळायला जागा नव्हती, तर हसबल्ला पाटकऱ्याच्या बदकांच्या खुराड्यात शिरला. तिथून बाहेर आल्यावर बदकंही त्याच्याशी बोलेनात.

बंता काही कमी नव्हता. घरी येताना रांजणापाशी तीनदा खोकायचा. मग वरती धावपळ उडायची, जावई पुढच्या ओसरीवरून उठून मधल्या खोलीत जायचा आणि मगच सासरा जिना चढायचा. जिना एकच, पुढचा. या सगळ्या रहदारीचं राबिया बघायची. "अगं, त्याला सांग, कुंपण मोडलंय." "त्यांना सांग, सकाळीच बांधलं." निरोप तिच्या तोंडातून इकडून तिकडे जात आणि घर सुखात चालायचं.

भाताचा तरवा पेरायच्या महिनाभर आधी ती तापाने चार दिवसांत गेली. चव्वेचाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि घरात दोन मुके उरले. मधे एकटी जुवेरिया. चुलीवर बिंबल्या घातलेलं माशाचं कालवण, खाचरात उगवलेली रोपं आणि दोन्ही बाजूंचे निरोप. एकदा मी ओसरीखालून जाताना ऐकलं. ती मधेच उभी राहून ओरडत होती, "दोघांनाही ऐकू येतंय ना? मग मी कशाला सांगू?" दोघांनीही उत्तर दिलं नाही. आदरच तेवढा.

इथे माझा गुन्हा येतो. लपवून उपयोग नाही, गावाला माहीत आहे.

टपरीवर बंता कोपऱ्यात एकटा बसला होता. मी म्हटलं, "काय ऊतोह, खोकून खोकून घसा बसला असेल? जरा त्या पोराचाही विचार कर. स्वतःच्या बायकोशी कुजबुजत बोलतो बिचारा. तुझे कान मागच्या पडवीत, मधे एक कुडाची भिंत!" लोक हसले. बंता हसला नाही, मला वाटलं नेहमीसारखंच.

दोन दिवसांनी तारमिझी सापडला. त्यालाही सोडलं नाही. "बाबा रे, ज्याने घर बांधलं तो चुलीच्या धुरात वाळतोय आणि तू ओसरीवर वारा खातोस. राबिया होती तोवर ठीक. आता म्हाताऱ्याने बसायचं कुठे?" लोक पुन्हा हसले. माझी ती दोन्ही वाक्यं फार छान जमली होती, हे मला आजही कबूल केलं पाहिजे.

गुरुवारी दुपारी तारमिझी बायकोला म्हणाला, "आईचा गुडघा धरलाय, थोडे दिवस तिकडे राहतो." दोन सदरे घेऊन गेला. त्याच्या मनात, म्हाताऱ्याला ओसरी मोकळी व्हावी. बंता तेव्हा मागे खाचरात होता, त्याला पत्ता नाही. तो तासाभराने आला, चटई गुंडाळली आणि लेकीला म्हणाला, "पडवीत डास फार झालेत, मुनासात झोपतो." मुनासा म्हणजे आमचं गावचं नमाजाचं घर. बिनलग्नाची पोरं आणि बायको गेलेले म्हातारे तिथेच अंग टाकतात. त्याच्या मनात, जावयाला घर मोकळं व्हावं.

जुवेरियाने तिघांचा भात टाकला होता.

मी मुनासात गेलो तर बंता आपली मच्छरदाणी खांबाला बांधत होता.

"डासांना भिऊन डासांत आलास होय?"

"इथं हवा आहे."

"घरी परत जा. जावईही गेलाय."

त्याचे हात थांबले. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे गेला. आता तर जायलाच नको. मी तिथे दिसलो तर तो कधीच यायचा नाही."

मी वरच्या गावी निरोप धाडला. तारमिझीचं उत्तर आलं (सासऱ्यालाही आमच्याकडे अबू, म्हणजे बापच म्हणतात): अबू मुनासात गेले? म्हणजे माझ्यामुळेच. आता मी कुठल्या तोंडाने परतू?

दोघेही इतके सज्जन की एकीचं घर रिकामं झालं.

शुक्रवारी आमच्याकडे खाचरात पाऊल ठेवायची मनाई. शनिवारी पाटाची सफाई. डोंगराकडून येणारा पाट आधी वरच्या गावातून येतो, मग आमच्या. दोन्ही गावं एकाच दिवशी गाळ काढतात. प्रत्येक घराला बांबूच्या खुणा घालून बारा वाव पाट नेमून दिलेला, आणि प्रत्येक घरातून एक पुरुष. पुरुष आला नाही तर त्या घराची पाण्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. हसबल्ला पाटकरी बदकांच्या बाबतीत हळवा आहे, पाण्याच्या बाबतीत दगड.

त्याने यादी पुकारायला घेतली. राबिया गेली तरी यादीत तिचंच नाव होतं. "राबियाचं घर!"

कोणी ओ दिली नाही. बंता माझ्याशेजारी गुडघाभर चिखलात मुनासाच्या वाट्याचा गाळ ओढत होता.

"ऊतोह, तुझं घर पुकारलं."

"त्या घराचा पुरुष तारमिझी आहे," तो फावड्याकडे बघत म्हणाला. "मी उभा राहिलो तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याने घर परत घेतलं."

वरच्या गावाच्या हद्दीत, जेमतेम हाकेच्या अंतरावर, तारमिझी आईच्या घराच्या वाट्यात उभा होता. रांगेतून माणसामाणसाने निरोप वर नेला, तसाच खाली आणला: अबू असताना मी कोण? मी उभा राहिलो तर लोक म्हणतील, सासऱ्याला हाकलून जागा घेतली.

हसबल्लाने पेन्सिल ओठाला लावली. "मग लिहितो. पुरुष नाही. पाळी शेवटी. अठरा दिवस."

अठरा दिवस म्हटल्यावर आजूबाजूची फावडी थांबली. जुवेरियाची रोपं महिन्याची झाली होती. या आठवड्यात लावणी झाली नाही तर रोपांना पेरं धरतात, मग ती फुटत नाहीत, नुसता पेंढा. त्या एका खाचरावर ते घर वर्षभर जेवतं. हे बंताला माहीत होतं, तारमिझीला माहीत होतं. दोघांनी माना आणखी खाली घातल्या.

तरव्याच्या बांधावर जुवेरिया उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बांधावरून चालत आली, डोक्यावरचं कापड हनुवटीखाली घट्ट बांधलं, कोणाचं तरी पडलेलं फावडं उचललं आणि आपल्या घराच्या बारा वावांत उतरली. चिखल मांड्यांपर्यंत.

"पोरी, वर ये," हसबल्ला म्हणाला. "पाटात बायका उतरत नाहीत. घरचा पुरुष पाठव."

"दोन होते, पाटकरीचाचा. दोघेही फार चांगले निघाले."

कोणीतरी फिसकन हसलं. ती वळलीच. "आणि तुम्ही, अपा दुल्ला, हसू नका. माझं घर तुम्ही तोंडाने मोकळं केलंत. आता हाताने गाळ काढा."

मी हसलोच नव्हतो, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिने फावडं मारलं. चिखल अर्धा तिच्याच अंगावर आला. दुसरं मारलं. हसबल्ला यादीकडे बघू लागला, यादीत याचं उत्तर असल्यासारखा. "घर माझं," ती फावडं मारत म्हणत होती, "शेत माझं. तर गाळही माझाच. लिहा. जुवेरियाचं घर. आईचं खोडा, माझं लिहा."

चौथ्या की पाचव्या फावड्याला बंता मुनासाचा वाटा सोडून खालच्या खुणेपाशी उतरला. त्याच क्षणाला वरच्या खुणेपाशी धप्पकन आवाज झाला. तारमिझी. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवलं आणि खणायला लागले. बंता खालून वर, तारमिझी वरून खाली. जुवेरिया मधे उभी राहिली, मग हळूच काठावर चढून बसली. पायांवरचा चिखल वाळू दिला.

आता पहा गंमत. पाट अरुंद. एका टोकाने सासरा येतोय, दुसऱ्या टोकाने जावई. बारा वावांचे दहा झाले, आठ झाले. वळायला सुपारीची बाग नाही, शिरायला खुराडं नाही. दोन्ही गावांची माणसं फावड्यांवर हनुवटी टेकून उभी. मी माझ्या आयुष्यात इतकं शांत राहिल्याचं मला आठवत नाही. चार वाव. दोन. दोघांच्या मधे गाळाचा एक ढीग उरला, कोंबडी मावेल एवढा, आणि दोघेही थांबले. पुढचं फावडं कोणी मारायचं? आदराने दोघेही मागे सरले.

जुवेरिया काठावरून म्हणाली, "मी आता कोणाचाही निरोप सांगणार नाही."

तारमिझीचे कान लाल झाले होते. त्याने फावडं उगाच वर-खाली केलं. बंताची नजर त्या फावड्यावर गेली आणि तिथेच राहिली. चिखलावर नाही, जावयाच्या तोंडावर नाही, दांड्यावर.

"दांडा सैल आहे," बंता म्हणाला.

तारमिझीने मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून. मागे कोणी नव्हतं.

"हो, अबू," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"आण."

बंताने फावडं घेतलं, काठावरचा बांबूचा तुकडा उचलला, कमरेचा कोयता काढून त्याची पाचर तासली, दांड्यात बसवली आणि दगडाने तीन ठोके मारले. हलवून पाहिलं. परत दिलं. "आता मार."

तारमिझीने मारलं. पाणी ढिगावरून फुटून बंताच्या पायांवरून वाहत खाली गेलं.

हसबल्लाने राबियाचं नाव खोडलं. अर्धा मिनिट पेन्सिल तशीच धरली, मग जुवेरियाचं लिहिलं. पाळी तिसरी मिळाली. बुधवारी बायकांनी रांगेने लावणी केली.

दोघे घरी परतले, पण गोष्ट एवढ्यावर मिटली असं कोणी समजू नये. रिवाज रिवाज असतो, तो एका पाचरीने निघत नाही. दुसऱ्या दिवसापासून बंता पुन्हा रांजणापाशी खोकू लागला आणि तारमिझी पुन्हा टोपी बघून वळू लागला. जुवेरियाने दोन दिवस पाहिलं आणि बापाला सांगितलं, "अबू, मागच्या पडवीला एक जिना लावा. तुमचा वेगळा. कोणाला खोकायला नको, पळायला नको."

आमच्या गावात मागे जिना असलेलं घर नव्हतं. बंता दिवसभर मागच्या खांबांना टकटक करत फिरला. मग फळी धरायला माणूस लागला. बाकीचे सगळे खाचरात होते, उरला तारमिझी.

मी घराखाली सावलीत बसून मोजत होतो. धर. सोड. वर घे. बस. सबंध दिवसात दोघांचे मिळून अकरा शब्द. जुवेरियाने मला कॉफी आणून दिली, साखर न घालता, आणि माझ्यासमोर उभी राहिली. "अपा, हे गावभर सांगायचं असेल तर नीट सांगा. अकरा म्हणजे अकरा. पंचवीस करू नका."

मी तिच्याखातर तरी ते पाळलंय.

बंता आता दुपारी त्या मागच्या जिन्यावर बसतो, पाय खालच्या पायरीवर सोडून. समोर ओल्या खाचरात बगळे फिरत असतात. राबियाची जागा तो उजवीकडे मोकळी सोडतो, की जिनाच तेवढा रुंद केलाय, हे मी अजून विचारलेलं नाही. मला विचारता येत नाही असंही काही असतं.

या महिन्यात आणखी दोन घरांनी मागचा जिना सांगितलाय. दोन्हीकडे सांगायला बायकाच आल्या. कामाला सासरा-जावई बरोबर जातात, बंता पुढे, तारमिझी वीस पावलं मागे. काल टपरीवर मी बंताला विचारलं, "काय रे, आता तरी बोलता का एकमेकांशी?"

त्याने कॉफी संपवली.

"फळीचं बोलतो," तो म्हणाला.