गुरुवारचा मीटलोफ

अमेरिकेत रॉलीला मी ज्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, त्या घरात दर गुरुवारी मीटलोफ व्हायचा, म्हणजे बीफचा खिमा पावासारख्या लांबट आकारात थापून ओव्हनमध्ये भाजलेला. ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. मी औरंगाबादहून मेकॅनिकलची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला आलो होतो. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांची बायको त्यांच्याहून थोडी लहान. समोर मी त्यांना सर आणि मॅडम म्हणायचो, मनात आजोबा आणि आजी.

खोली दाखवताना आजींनी मला विचारलं होतं, की तू काय खात नाहीस ते आत्ताच सांगून ठेव. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बीफ खात नाही."

ते खोटं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीचं खोटं, की बोलताना जीभ अडखळली नाही. आमची वस्ती तालुक्याच्या गावाबाहेर होती. रविवारी आमच्याकडे 'मोठ्याचं' शिजायचं. बैलाचं किंवा म्हशीचं मटण, पण नाव कुणी घ्यायचं नाही, मोठ्याचं एवढंच म्हणायचं. माय दाराला आतून कडी लावून ते शिजवायची नाही. वस्तीत सगळ्यांच्याच चुलीवर तेच असायचं. कडी लावायला मी शिकलो तो कॉलेजच्या हॉस्टेलात. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलानं विचारलं होतं, तुमच्यात काय काय चालतं? त्या प्रश्नाचा अर्थ मला तिथं पोचेपर्यंत कळलेला होता. मी म्हणालो, अंडं चालतं, बाकी काही नाही. तेव्हापासून तेच उत्तर, कुठंही, कुणालाही. सात समुद्र ओलांडून आलो तेव्हा कोंबडीपुरती सूट घेतली, पण मोठ्याचं नाही ते नाहीच.

तर एक अख्खं वर्ष मी गुरुवारी संध्याकाळी माडीवर वरण-भात खात बसायचो आणि जिन्यातून तो वास वर यायचा. कांदा, भाजलेलं मांस, आणि शेवटी शेवटी साखर करपायच्या बेतात आल्यासारखा एक गोड वास. त्या वासापुढे भात गोड लागायचा नाही. आजी मला चिकन द्यायच्या, सफरचंदाचा गोड पाय द्यायच्या, मक्याचा ब्रेड द्यायच्या. मीटलोफ कधी नाही. मी सांगितलेलं त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आजी गेल्या. दुपारी बागेतून आत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि गेल्या. अंत्यविधीला मी उसना कोट घालून गेलो. त्यांची मुलगी ओहायोहून आली होती, ती दोन आठवडे राहिली आणि तिला परत जावं लागलं. मग घरात आजोबा आणि मी.

आजोबांना चहासुद्धा करता येत नव्हता. सकाळी दुधात सीरियल, संध्याकाळी डब्यातलं सूप, तेही बऱ्याचदा गार. मी वरण-भात खाली नेऊन द्यायचो, ते सभ्यपणे खायचे आणि थँक यू म्हणायचे. त्यांचे शर्ट गळ्याशी सैल दिसायला लागले होते.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी मी लॅबमधून लवकर आलो तर आजोबा किचनमध्ये उभे होते. समोर मोठ्या वाडग्यात खिमा, हातात लाकडी चमचा, आणि ओट्यावर आजींच्या अक्षरातलं रेसिपीचं कार्ड. मला म्हणाले, हिचं अक्षर लागतं का बघ तुला. कार्डावर साहित्य होतं: दोन पाउंड बीफ, एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, अंडी, दूध, पाव. पावापुढे आकडा नव्हता, फक्त 'लागेल तसा' असं लिहिलेलं. ग्लेझसाठी, म्हणजे वरून लावायच्या चकचकीत थरासाठी, केचप, ब्राउन शुगर, मोहरीची पेस्ट, व्हिनेगर. प्रमाण नाहीच. चाळीस वर्षं करणारी बाई कशाला लिहील?

आजोबा चमच्यानं ते ढवळायला लागले. अंडं एका बाजूला, मांस एका बाजूला, कोरड्या पावाचे तुकडे तिसरीकडेच. मला बघवेना. मी बाह्या वर सारल्या आणि सिंकपाशी जाऊन हात धुतले.

त्यांनी माझं मनगट धरलं. "तू हे करायची गरज नाही. तुझ्या धर्मात चालत नाही हे मला माहीत आहे. हिनं सांगितलं होतं."

मी हात तसाच ओला ठेवून उभा राहिलो. नळ चालू होता, तो बंद केला. मग म्हणालो, "सर, मी खोटं सांगितलं होतं. आमच्या घरी हे खातात. मी लहानपणापासून खातोय."

खोटं का सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगायला लागलो. जात म्हणजे काय, ते इंग्रजीत सांगताना माझे शब्द संपले. मग मी वस्तीचं सांगितलं, गावातल्या पाण्याचं सांगितलं, हॉस्टेलच्या मेसमधला तो प्रश्न सांगितला. भारत सोडल्यापासून हे मी कुणाशीच बोललो नव्हतो. आजोबा खुर्ची ओढून बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ओट्यामागच्या खिडकीकडे बोट केलं.

मग म्हणाले, "गुरुवारी ती ही खिडकी उघडी ठेवायची. जानेवारीत सुद्धा. मी कोट घालून जेवायचो. म्हणायची, वरच्या मुलाला वासाचा त्रास होत असेल."

मला ती खिडकी माहीत होती. बर्फ पडत असताना ती उघडी दिसली की मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो. मी वाडग्यात हात घातला आणि खाली मान घालून खिमा कालवत राहिलो, कारण वर बघायची सोय नव्हती.

हाताला मात्र सगळं ओळखीचं होतं. माय सणावारी खिम्याचे गोळे करायची आणि येसूर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचा मसाला घातलेल्या लाल रश्श्यात सोडायची. बांधून यावं म्हणून त्यात डाळ्याचं पीठ घालायची. मला शेजारी बसवून सांगायची, लई मळू नको, दगड होतो. हातापासून सुटला की थांबायचं. मी पाव दुधात भिजवला, पिळला, खिम्यात मिसळला आणि हातापासून सुटल्यावर थांबलो. लांबट टिनमध्ये थापून भरला. वर केचपचं मिश्रण सढळ हातानं ओतलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं.

तासाभरानं काढला तर वरची साखर काळी झाली होती आणि कापायला गेलो तर वडी न पडता भुगा झाला. तरी आजोबांनी ताटात घेतला, काळं बाजूला सारलं आणि खाल्ला. मीही खाल्ला. इतका गोड, की मला मायचा रस्सा आठवून हसू आलं. आजोबांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, आमच्याकडे यात मूठभर तिखट पडलं असतं. आजी गेल्यानंतर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या गुरुवारी परत केला. भुगा झाला नाही, कारण काढल्यावर मी दहा मिनिटं तो तसाच राहू दिला. पण वरचा थर पुन्हा करपला. आजोबा विचार करत बसले होते, एकदम म्हणाले, "टीव्हीवर बातम्या चालू असताना ती दोनदा उठायची. दर गुरुवारी. मी वैतागायचो, एका जागी बसत का नाहीस म्हणून."

बातम्या साडेसहाला असायच्या आणि जेवण सातला. म्हणजे ग्लेझ सुरुवातीला लावायचंच नाही. शेवटच्या अर्ध्या तासात, दोन वेळा, पातळ पातळ. चाळीस वर्षं समोर बसून त्या माणसानं बायकोचं उठणं पाहिलं होतं, ती कशासाठी उठते ते आता समजत होतं. ते नुसतेच मान हलवत राहिले.

तिसऱ्या गुरुवारी मी बातम्या सुरू झाल्यावर पहिला हात दिला आणि हवामानाचा अंदाज लागला तेव्हा दुसरा. बाहेर काढला तेव्हा वरून तांबूस, चकचकीत, कडेला बुडबुडे फुटणारा. वड्या सरळ पडल्या. आजोबांनी एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला आणि उठून बाहेर पोर्चमध्ये गेले. मी जागेवरच बसून राहिलो. थोड्या वेळानं आत आले, खुर्चीत बसले, रुमालानं चष्मा पुसला.

"हाच," म्हणाले. आणि तीन वड्या खाल्ल्या.

दिवाळी त्या वर्षी अशी आली की फराळाचा डबा गुरुवारीच पोचला. रॉलीजवळच्या कॅरी गावात एक काका-काकू राहायचे, मूळचे पुण्याचे. काका रिसर्च पार्कमध्ये नोकरीला. दर महिन्याला आम्हा मराठी विद्यार्थ्यांना ते जेवायला बोलवायचे, आणि काकूंच्या हातची आमटी मिळावी म्हणून मी दोन बस बदलून जायचो. त्या दिवशी काकू एकट्याच गाडी चालवत आल्या. किचनच्या दारातून आत आल्या तेव्हा मी ओव्हनपुढे वाकून ब्रशनं दुसरा हात देत होतो.

आजोबांना कोण आनंद झाला. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, हा मुलगा माझ्या बायकोसारखा मीटलोफ करतो म्हणाले, आणि थांबा, एक वडी खाऊन जा असा आग्रह केला. काकूंनी नको म्हणून हात जोडले आणि माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाल्या, "तुला हे असलं हाताळावं लागतं का रे इथं?"

किती मायेनं विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणून चार घरी माझं कौतुकच झालं असतं. मी ओव्हनचं दार लावलं.

"नाही काकू. मी खातो. आमच्या घरी माझी माय करायची, दर रविवारी."

मराठी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. काकूंच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. त्या "बरं" म्हणाल्या. फराळाचा डबा टेबलावर ठेवला, चिवडा तिखट आहे म्हणाल्या, आजोबांना हॅपी दिवाली म्हणाल्या आणि निघाल्या. मी गाडीपर्यंत गेलो. त्यांनी काच खाली केली नाही.

महिनाभर फोन आला नाही. एकदा कॅम्पसवर दुसऱ्या एका मुलाकडून कळलं की कॅरीला जेवण झालं, तू का नव्हतास? मी म्हणालो, परीक्षा होती. पुन्हा एक खोटं, पण त्यानं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आमटीचं आणि काकूंचं.

डिसेंबरच्या एका गुरुवारी दारावरची बेल वाजली. काकू उभ्या होत्या, स्वेटरवर शाल, डोक्याला स्कार्फ. आजोबा दुपारचे झोपले होते. मी चहा टाकला. त्या किचनमध्येच बसल्या, कप दोन्ही हातांत धरून. नुकताच टिनमध्ये भरलेला मीटलोफ ओट्यावर होता. त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली नाही.

म्हणाल्या, "त्या दिवशी मला काही सुचलं नाही. घरी जाऊन ह्यांनाही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, आपण कशाला मुलाची गोष्ट बाहेर काढायची. मग लक्षात आलं, तू तर सरळ सांगितलंस. लपवत होते मीच."

मी त्यांना आणखी चहा हवाय का विचारलं, तर कप भरलेलाच होता.

"तुझी आई कसं करायची ते सांग ना," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. वडील कागदात बांधून आणायचे तिथपासून. माय पाट्यावर मसाला वाटायची, खिमा सुरीनं बारीक करायची, गोळा रश्श्यात सोडताना पोरांना बोलू द्यायची नाही. काकूंनी मध्ये दोनच प्रश्न विचारले, येसूरात काय काय पडतं आणि गोळे फुटू नयेत म्हणून काय करतात. मीटलोफची चव त्यांनी घेतली नाही, मीही आग्रह केला नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या महिन्यात जेवायला बोलावणं आलं, आणि मी गेलो तेव्हा काकांना सगळं माहीत होतं. काका जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते, ताट वाढताना तीनदा संकोच करू नकोस म्हणाले. हळूहळू त्यांचा आवाजही नेहमीसारखा झाला. त्या मंडळीतल्या दोन घरांनी मात्र मला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्याचं कारण मी कुणाला विचारलं नाही.

आजोबा वसंत ऋतूत मुलीकडे ओहायोला गेले. गुडघे पोर्चच्या पायऱ्याही चढू देईनात आणि मुलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती न्यायला आली तो दिवस बुधवार होता. आजोबा म्हणाले एक दिवस थांबू. गुरुवारी आम्ही तिघं जेवलो, आणि बातम्या चालू असताना आजोबा स्वतः उठून दोनदा ब्रश फिरवून आले. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. वडिलांना ओव्हन उघडताना तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर रिकाम्या घरात बसून मी घरी लांबलचक पत्र लिहिलं. आजोबांचं, आजींचं, काकूंचं, सगळं. केचप आणि ब्राउन शुगरसुद्धा. मायला वाचता यायचं नाही, धाकटी बहीण वाचून दाखवायची आणि ती सांगेल ते लिहून पाठवायची. उत्तर यायला महिना लागला. निळ्या एरोग्रामच्या, परदेशी टपालाच्या त्या पातळ कागदावर बहिणीचं बारीक अक्षर होतं:

"माय म्हणते, मटणात साखर घालतात का कुठं, चव घालवलीस. ती म्हातारी लई चांगली होती म्हणते, तिच्या हातचं खायला पाहिजे होतंस. अन् म्हणते, म्हातारा गेला तर आता एकटा जेवू नको, कुणाला तरी बोलाव."