कलकत्त्याच्या चाचणीला नेलेले बूट

बावन्न साली आपली फुटबॉलची टीम ऑलिम्पिकला निघाली होती, आणि ती तिथं मार खाऊन येणार असं देहूरोडात उघडपणे म्हणणारा मी एकटाच होतो. त्यापायी मी कॅन्टीनमध्ये इतकी भांडणं केली, की पुढं पुढं माझ्या बाकावर कुणी चहा घेऊन बसेना.

मी काही मोठा जाणकार नव्हतो. लष्करी डेपोच्या बूट दुरुस्तीच्या शेडमध्ये कारागीर होतो आणि डेपोच्या टीमकडून उजवा बॅक खेळायचो, अनवाणीच. आमच्या टीमचे सगळेच तसे खेळायचे. पण मी नोकरीला लागलो तेव्हा इथं गोरे सोल्जर होते आणि त्यांचे खेळायचे बूट माझ्याकडे यायचे. घोट्याच्या वर चढणारे, पुढून कडक, तळाला चामड्याचे गोल स्टड ठोकलेले. कोरड्या मैदानावर आमचे गडी या गोऱ्यांना नुसते नाचवायचे. मैदान ओलं झालं की मात्र बूटवाले पाय रोवून वळायचे आणि आमचे धावता धावता पाठीवर पडायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, ऐकीव नव्हतं.

आदल्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळांत आपल्याला सोन्याचं पदक मिळालं होतं, तेही बहुतेकांनी अनवाणी खेळून. त्यामुळं कुणाशी काही बोलायची सोयच राहिली नव्हती.

"तिकडं थंडी असते, मैदान ओलं असतं," मी म्हणायचो. "आणि सामना नव्वद मिनिटांचा. आपल्याकडं तासाभरात, फार तर सत्तर मिनिटांत खेळ आटोपतो. वरची वीस मिनिटं आपले गडी कुठल्या पायांनी पळणार?"

टीमचा सेक्रेटरी म्हणजे आमच्या डेपोचा हेडक्लार्क. त्यानं एकदा सगळ्यांसमोर कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अरे, तुझं काम बूट शिवायचं. टीम निवडायला दुसरी माणसं आहेत."

सगळे हसले. मला इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून शेडमध्ये गेलो. राग नुसता त्याच्या बोलण्याचा नव्हता. मी जे सांगत होतो त्यात काय चुकलंय, हे कुणीच सांगत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या सेंटर हाफला पत्र आलं. राष्ट्रीय टीमच्या निवड चाचणीसाठी एप्रिलमध्ये कलकत्त्याला हजर राहावं, असं त्यात होतं. हा गडी कोल्हापूरचा. तिथल्या तालमीत वाढलेला, जाड पिंढऱ्यांचा, वयानं माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवायचा आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. चेंडू त्याच्या पायाशी आला की बाकीचे दहा जण निवांत व्हायचे, असा त्याचा खेळ. पत्र आलं त्या दिवशी त्यानं सगळ्या चाळीला पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "बुटांत खेळायला शीक."

"काय लावलंयस मर्दा!" तो म्हणाला. "एवढी वर्षं ह्याच पायांनी खेळलो. आता त्यांना पिशवीत घालू व्हय?"

"एकदा ओल्या मैदानावर खेळून बघ. नाही पटलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

आता फेब्रुवारीत ओलं मैदान आणायचं कुठून? आमच्या गावात, देहूरोडपासून सायकलवर अर्ध्या-पाऊण तासावर, एका मोठ्या शेतकऱ्याची विहीर होती. त्याच्या मोटा माझा बाप शिवायचा. विहिरीखाली कांद्याचे वाफे आणि त्याच्यापुढं गवताचा मोकळा तुकडा. सेंटर हाफला बरोबर नेऊन मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं, की रविवारी थोडं पाणी गवतात सोडा.

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "गवताला पानी? कशापायी रं?"

"खेळायला."

"कांदा सुकतोय हितं आन् तुमास्नी खेळायला पानी पायजे व्हय?" तो ओरडला. मग सेंटर हाफनं पुढं होऊन त्याला सगळं सांगितलं: कलकत्ता, चाचणी, परदेश, थंडी. म्हाताऱ्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण त्यानं सेंटर हाफच्या पिंढऱ्या निरखून पाहिल्या, बैलांकडं पाहिलं आणि म्हणाला, "चार मोटा सोडतो. पाचवी न्हाई."

चार मोटांत तो तुकडा चांगला भिजला. मी गोऱ्यांचा मागं राहिलेला एक जुना जोड घातला होता, सेंटर हाफ अनवाणी. मी काही त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हतो. एरवी त्यानं मला जवळही फिरकू दिलं नसतं. त्या दिवशी मी त्याला सहा वेळा चुकवून गेलो. सहाव्यांदा तो असा पडला की कोपर सोलून निघालं. तो चिखलातच बसून राहिला. बांधावरून म्हातारा म्हणाला, "उठ की रं, रेडा बसल्यागत काय बसलास!"

परत येताना सायकल हातात धरून तो सोललेलं कोपर पाहत चालला. मग म्हणाला, "शिव बूट."

पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी त्या बुटांवर काढले. पहिला जोड फार जड झाला. त्यात त्याच्या टाचा सोलल्या आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. दुसऱ्यासाठी मी पुण्याहून मऊ चामडं आणलं, त्याच्या पायाच्या मापाचा लाकडी साचा स्वतः घडवला आणि पुढचा कडक भाग अर्ध्यानं कमी केला. कामावरून सुटलो की रोज संध्याकाळी तो मैदानात पळायचा आणि मी हातात घड्याळ घेऊन उभा. सत्तर मिनिटांपर्यंत तो ठीक असायचा. पंचाहत्तराव्या मिनिटाला त्याचं तोंड उघडं पडायचं, ऐंशीच्या पुढं पाय उचलत नसत. तो मला शिव्या द्यायचा, मी त्याला द्यायचो. मार्च संपता संपता एकदा तो पूर्ण नव्वद मिनिटं पळाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून ओकला. त्या दिवशी आम्हा दोघांना फार आनंद झाला होता.

ओल्या गवतावर आता तो कुणाला हार जात नव्हता. पण कोरड्या, टणक मैदानावर बुटांत त्याचं अर्धं पाऊल मागं पडायचं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. चेंडू पूर्वीसारखा पायाला चिकटत नव्हता. वळायला क्षणभर जास्त लागायचं. तेवढं जायला अजून चार महिने हवे होते आणि आमच्या हातात चार दिवस.

स्टेशनवर त्यानं मला विचारलं, "तिकडं मैदान कोरडं असलं तर काय करू?"

मी म्हणालो, "बूट काढू नकोस. निवड कशासाठी आहे? तिकडच्या मैदानासाठी. बघणाऱ्यांना एवढं कळणारच."

बाराव्या दिवशी तो परत आला. सरळ शेडमध्ये आला, बूट माझ्या पाटावर ठेवले आणि म्हणाला, "हे तुझं." तेवढंच. नंतर हेडक्लार्ककडून कळलं ते असं: मैदान उन्हानं तापून खडखडीत झालेलं, बाकीचे बहुतेक अनवाणी आणि वाऱ्यासारखे. दोन सराव सामन्यांत तो त्यांच्यामागं पळत राहिला. गडी मंद आहे असा शेरा पडला आणि नाव गळालं.

"तुझ्यामुळं गेला बिचारा," हेडक्लार्क म्हणाला.

निवड करणाऱ्यांना नावं ठेवावीत तर त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. तो खरंच मंद दिसला असणार. आणि ज्यासाठी तो मंद झाला होता, ते त्या मैदानावर दिसायला जागाच नव्हती. हे कुणाला समजावायला गेलो की लोक म्हणायचे, झालं गेलं सोड. त्या शब्दांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तो माझ्याशी बोलेनासा झाला. भिंतीला भिंत लागून खोली, नळावर रोज गाठ, पण मान वळवून जायचा. टीममध्ये तो पुन्हा अनवाणी खेळू लागला. मी पास दिला तर घ्यायचा, नंतर माझ्याकडं बघायचाही नाही. जून असा गेला, जुलै असा गेला. वर्तमानपत्रात आपल्या टीमचं कौतुक रोज यायचं. चपळाई, अनवाणी पायांची कला, परदेशी लोक कसे तोंडात बोटं घालतील. वाचून मी पान चुरगाळून टाकायचो. आपली माणसं हरावीत असं मला वाटत नव्हतं. पण ती जिंकणार असं कुणी म्हटलं की त्याचं तोंड धरावंसं वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं आणि त्याचाच जास्त वैताग यायचा.

पहिल्याच सामन्यात आपण हरलो. दहा गोल बसले, आपला एक.

बातमी वाचली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो. कालपर्यंत फुशारक्या मारणारे सगळे मान खाली घालून चहा पीत होते. एकानं माझ्याकडं बघून म्हटलं, "राव, तुम्ही म्हणत होता ते खरं ठरलं." मला वाटलं होतं, असं कुणी म्हणेल तेव्हा बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. दहा! मी मनात तीन-चार धरले होते.

दुपारी सेंटर हाफ शेडमध्ये आला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. दाराशी उभा राहिला, मग आत येऊन चामड्याच्या ढिगावर बसला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मी असतो तर आठ झाले असते," तो म्हणाला.

मी मान वर करून पाहिलं. तो हसत नव्हता. हिशोब करून सांगावं तसं त्यानं ते सांगितलं होतं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते बाहीनं पुसलं. "दोन तर अडवले असते की रं," तो म्हणाला. "दोन तरी."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. पाचचा भोंगा होईपर्यंत तसेच बसलो होतो.

पुढं काही दिवसांनी फुटबॉलच्या वरच्या मंडळाचं फर्मान निघालं, की आता मोठ्या सामन्यांत बूट घालूनच खेळायचं. हेडक्लार्क स्वतः शेडमध्ये आला आणि अकरा जोड बनवायला सांगितले. आवाज असा, की जणू ही त्याचीच कल्पना. "लवकर हवेत बरं का. काळाबरोबर चालायला हवं." तोंडावर काहीतरी बोलावं असं फार मनात आलं. पण नोकरीचा प्रश्न होता. मी मापं घेतली.

सेंटर हाफ बुटांत आणखी दोन मोसम खेळला. टीमच्या बाकीच्यांना त्यानंच शिकवलं. कसं पळायचं, टाचेला पट्टी कुठं बांधायची, पहिले पंधरा दिवस शिव्या कुणाला द्यायच्या. पण पुन्हा त्याला कुठूनही पत्र आलं नाही. वय वाढलं, उजवा गुडघा दुखू लागला. चौपन्न साली वडील आजारी पडले म्हणून तो नोकरी सोडून गावी निघाला.

त्याची ट्रंक मीच स्टेशनवर नेली. दोन वर्षं जे विचारायचं राहिलं होतं, ते गाडीची घंटा झाल्यावर विचारलं. "त्या दिवशी मी बूट काढून खेळ म्हणायला हवं होतं ना?"

त्यानं ट्रंक आत सरकवली, खिडकीत बसला. "तू सांगितलंस म्हणून घातले नव्हते," तो म्हणाला. "मला पटलं होतं म्हणून घातले. काढले असते तर निवड झाली असती बघ. आणि मग तिकडं जाऊन दहा खाल्ले असते."

"पण गेला तर असतास."

"गेलो असतो," तो म्हणाला, आणि उजवा गुडघा चोळू लागला.

गाडी सुटली. मी सायकल घेऊन परत कामावर आलो. त्यानं मला दोषातून मोकळं केलं होतं, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी मी कुणाशी धड बोललो नाही, आणि संध्याकाळी मैदानावरही गेलो नाही.