चर्चमध्ये गिळलेलं ‘वा!’

मंडळी, दुपारपासून जीवाला नुसती चुटपुट लागली आहे.

आमच्या शेजारचे लुका आजोबा मूळचे इटलीचे संगीतकार. लग्न करून इथे बेस्ट या डच गावात आले, आयुष्यभर मुलांना पियानो शिकवला आणि स्वतःच्या रचना कपाटात ठेवल्या. आज चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच लोकांसमोर वाजल्या.

एका जागी व्हायोलिन असं काही अलगद खाली उतरलं, की माझ्या तोंडून ‘वा!’ निघणारच होतं. नवऱ्याने कोपराने ढोसलं. “अगं, इथे मध्ये बोलत नाहीत.” मी गप्प बसले. शेवटी सगळ्यांबरोबर शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

नंतर कॉफी घेताना आजोबांनी हळूच विचारलं, “तुला आवडलं नाही का?”

“खूप आवडलं!”

“रविवारी तुम्ही तुमचं गाणं लावता, तेव्हा भिंतीपलीकडून तुझं ‘वा’ ऐकू येतं. आज मी त्याचीच वाट बघत होतो.”



एरवी या वेळेला त्यांचा पियानो सुरू असतो. आज मी ‘वा!’ म्हणायला भिंतीला कान लावून बसले आहे, तर तो वाजतच नाही. उशिरा दिलेली दाद पोचते का हो?