बदलाचा रकाना

वैजयंती मुळमुळे हे नाव ऐकून ज्यांना हसू यायचं, त्यांनी तिची रेघ पाहिलेली नसायची. आडनावावरून माणसं ठरत असती तर पांढरीपांड्यांच्या घरात एकजात गोरे निपजले असते. वैजयंतीची शाईची रेघ सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटी, आणि ती रेघ ओढताना बाई श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. नागपूरच्या पॉलिटेक्निकातला कोर्स करून, लग्न करून ती भोपाळला आली आणि कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली तिची तिथे सोळा वर्षं झाली होती.

ट्रेसरचं काम काय असायचं हे आता सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचा. ट्रेसरनं त्यावर पारदर्शक कापड ताणायचं आणि तेच ड्रॉइंग शाईनं गिरवायचं. पुढच्या सगळ्या प्रती त्या कापडावरून निघत. नियम एकच, मक्षिकास्थाने मक्षिका. इंजिनिअरनं तीनाच्या जागी आठ लिहिला असेल तर ट्रेसरनंही आठच लिहायचा. तो का लिहिला हे विचारणारे वेगळे, त्यांचा पगारही वेगळा.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असे. काढलं कुणी, गिरवलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं, अशा चार सह्या तिथे. चौकटीच्या वर बदलांसाठी एक रकाना असे. काय बदललं, का बदललं आणि सही. इंजिनिअरनं सांगितलेले कितीतरी बदल वैजयंतीनं त्यात सुबक अक्षरांत भरले होते. स्वतःच्या डोक्यानं तिथे एक टिंबही दिलं नव्हतं.

ऑफिसात पस्तीस पुरुष आणि ही एकटी बाई. उंच स्टुलावर बसून दिवसभर बोर्डावर वाकायचं. ते स्टूल म्हणजे तिच्या जिवाला लागलेली पीडा होती, आणि त्याचं कारण ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटी मुलगी झाल्यावर दोन महिन्यांतच तिनं टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या चढवायला सुरुवात केली होती, आणि त्यातून तिला ते दुखणं लागलं. बायका त्याला आवाज खाली आणून 'अंग बाहेर येणं' म्हणतात. तिच्या आईलाही ते होतं. आईनं ते कुणाला सांगितलं नाही आणि शेवटी बरोबर घेऊनच गेली. वैजयंती जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी बांधून कामावर यायची. या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

नवरा मनोहर त्याच कारखान्यात स्टोअर्समध्ये होता. माणूस सरळ, इतका सरळ की त्याला काही कळायचं नाही. त्याला जवळ येऊ द्यायचं नाही तर कारण हवं, म्हणून वैजयंतीनं गुरुवार धरला. मग शनिवार धरला, मग सोमवार. मग एकादश्या, चतुर्थ्या आणि अख्खा चातुर्मास. आठवड्यातले उरलेसुरले दिवस पाठदुखीनं भरून काढले. मनोहर स्टोअर्समध्ये कौतुकानं सांगायचा, "आमची ही फार धार्मिक हो!" आणि घरी निमूट बाहेरच्या खोलीत गादी टाकायचा. या बाबतीत वैजयंतीला त्याची कीव यायची, आणि कधीकधी भयंकर रागही यायचा.

डॉक्टरकडे जायचं तर टाउनशिपच्या हॉस्पिटलात डॉ. रत्नप्रभा वझलवार होत्या. बाई हुशार, हात हलका. पण त्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवालाही यायच्या. सकाळी जिनं तपासलं तिच्याच हाताची हळद संध्याकाळी लावून घ्यायची, हे वैजयंतीच्यानं होण्यासारखं नव्हतं.

याच डॉक्टरबाईंचं एक पेन्सिलीचं ड्रॉइंग त्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या बोर्डावर आलं. उथळ वाटीसारखा एक भाग, पासष्ट मिलिमीटर रुंद, आणि वाटीच्या बुडाला खालून पंचेचाळीस मिलिमीटरची दांडी. वर नाव होतं 'आधार, नमुना एक'. ज्यांचं ऑपरेशन करता येत नाही, किंवा ज्या ते करू देत नाहीत, अशा बायकांसाठी डॉक्टरांनी ते योजलं होतं. वाटीनं अंग आत तोलून धरायचं आणि दांडी धरून अख्खी वस्तू बाहेर काढता यायची. परदेशी वस्तू महाग आणि मिळायची मारामार, म्हणून इथेच मऊ प्लास्टिकची करायची. जनरल मॅनेजरांनी परवानगी दिली होती: ड्रॉइंग कारखान्यात होईल, साचे गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये होतील, पण दोनच. दोन साच्यांत जमलं नाही तर विषय बंद.

आजूबाजूच्या टेबलांवर तो तुकडा कशाचा यावर थोडे विनोद झाले. वैजयंतीला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तिनं ड्रॉइंग जसंच्या तसं गिरवलं आणि सही केली.

महिन्याभरात पहिल्या साच्यातले तुकडे निघाले. त्यांतले बारा तुकडे डॉक्टरांकडे गेले, दोन ड्रॉइंगशी ताडून पाहायला ऑफिसात आले. ताडून झाल्यावर ते कपाटात पडून राहिले. एका शनिवारी वैजयंतीनं त्यातला एक पर्समध्ये टाकला. सोळा वर्षांत तिनं ऑफिसचा खोडरबरसुद्धा घरी नेला नव्हता.

घरी कुणी नसताना तिनं तो वीस मिनिटं पाण्यात उकळला, आणि पुढचं तिचं तिनं पाहिलं. मग ती उभी राहिली. दोन जिने उतरून परत चढली. पट्टी नाही, ओढ नाही, काही नाही. जिन्याच्या कठड्याला धरून बाई रडली. सहा वर्षांत तिला स्वतःचं शरीर असं विसरता आलं नव्हतं.

सोमवारी स्टुलावर बसली आणि जवळजवळ ओरडलीच. दांडी टोचत होती. संडासात उकिडवं बसणं तर विचारूच नये. संध्याकाळी तिनं दाढीच्या ब्लेडनं दांडी कापली, पॉलिश पेपरनं घासली, तापलेल्या दाभणानं टोकाला भोक पाडलं आणि ओढून काढायला त्यात नायलॉनचा दोरा ओवला. आणखी दोनदा कापावी लागली, दर वेळी भोक नवं. पंचवीसवर आल्यावर टोचायची थांबली. फूटपट्टीनं मोजून तिनं आकडा मनात ठेवला; ही सवयच होती.

तिचं जमलं होतं. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण ड्रॉइंग ऑफिसात झाडू मारायला रामकली यायची, आनंद नगरहून. उकिडवी बसून झाडायची आणि उठताना भिंतीला हात लावायची. तो हात वैजयंती ओळखून होती, आणि रामकली हॉस्पिटलात जाऊन आल्याचंही तिच्या कानावर होतं. एके दुपारी तिनं आवाज लहान करून विचारलं, "रामकली, अस्पताल से वो मिला था न तुमको?"

"मिला था दीदी, वापस कर दिया," रामकली म्हणाली. "नहीं जमा."

"डॉक्टर को क्या बोली?"

"यही बोली. नहीं जमा. और क्या बोलती?"

बारापैकी अकरा जणींनी वस्तू परत केली होती, आणि अकराही जणींनी एवढंच सांगितलं होतं. हिंदीवाल्या 'नहीं जमा' म्हणाल्या, मराठी बायका 'जमत नाही हो' म्हणाल्या. कुठे टोचतं हे कुणी उच्चारलं नाही. डॉक्टर प्रत्येकीला टेबलावर निजवून वस्तू बसवून बघत होत्या, आणि निजलेल्या बाईला काही टोचत नव्हतं. 'जमत नाही' म्हणजे नीट बसत नाही, सैल होतं, असा अर्थ त्यांनी घेतला. चूक म्हणावी तर कुणाची!

त्यामुळे मे महिन्यात दुसरं ड्रॉइंग आलं. 'नमुना दोन'. वाटी पासष्टची पंचाहत्तर झालेली. दांडी तीच, पंचेचाळीस. साचा शेवटचा.

वैजयंतीनं कापड ताणलं, पिना मारल्या आणि तशीच बसून राहिली. गिरवून दिलं तर तो साचाही वाया जाणार आणि रामकली जन्मभर भिंतीला हात लावून उठणार. आकडा गुपचूप बदलावा, तर हेड ड्राफ्ट्समन सक्सेनाजी मूळ कागदाशी एकेक आकडा ताडून बघत. डॉक्टरांना जाऊन सांगावं, तर त्या पहिलं हेच विचारणार की तुम्हाला काय माहीत? आणि तिथेच तर सगळं अडलेलं होतं.

दोन दिवस तिनं ते ड्रॉइंग टाळलं, दुसरी कामं काढली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारनंतर बसली आणि एका बैठकीत पुरं केलं. वाटी पुन्हा पासष्ट. दांडी पंचवीस, टोकाला भोक. मग वर बदलांचा रकाना ओढला. काय बदललं ते इंग्रजीत लिहिलं, कारखान्याची सगळी ड्रॉइंगं इंग्रजीतच असत. 'का' या खान्याशी आल्यावर पेन थांबलं. टोचण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. मराठी वाचणार कोण? शेवटी तिनं त्याच सुबक, सारख्या उंचीच्या अक्षरांत हिंदीत लिहिलं, 'बैठने पर चुभता है', आणि सही केली.

सक्सेनाजींना तपासताना मोठ्यानं वाचायची सवय. आकडे वाचत वाचत ते वर आले आणि अडले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ये क्या है? बैठने पर चुभता है?" हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "किसको चुभता है, मैडम? डॉक्टर साहिबा ने बदलवाया?"

'हो' म्हटलं असतं तर सुटली असती, निदान संध्याकाळपर्यंत. ती स्टुलावरून खाली उतरली.

"मुझे," वैजयंती म्हणाली.

पस्तीस बोर्डांवरचे टी-स्क्वेअर थांबले. पंखा तेवढा फिरत राहिला. सक्सेनाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या उंच स्टुलाकडे पाहिलं. त्यांच्या घरी चार बहिणी होत्या म्हणे. तेच मनात आलं की काय, कोण जाणे. मान खाली घालून त्यांनी 'तपासलं'च्या खान्यात सही केली आणि एवढंच म्हणाले, "इसको मैं खुद अस्पताल ले जाता हूँ."

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांनी ते ड्रॉइंग वाचलं आणि मंजुरीची सही केली. दुसरा साचा पंचवीसचाच झाला. पुन्हा बारा जणींना दिलं, दहा जणींनी ठेवलं. रामकली झाडताना एकदा मान वर करून म्हणाली, "जम गया दीदी," आणि भिंतीला हात न लावता उठली. डॉक्टरांनी हळदीकुंकवाला वैजयंतीला हळद लावली तेव्हा त्यांचा हात तिच्या कपाळावर अंमळ जास्त थांबला. बोलल्या नाहीत, आणि वैजयंतीला तेच बरं वाटलं. ऑफिसात काही दिवस पाठीमागे हसणं झालं, तेही होणारच होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी ऑफिस सुटायच्या आधीच ती बातमी स्टोअर्समध्ये पोचली होती. वैजयंती घरी आली तेव्हा मनोहर आधीच येऊन खालून पाणी भरत होता. चार बादल्या त्यानं दोन जिने चढवल्या, मोरीत ओळीनं ठेवल्या आणि धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती तांदूळ धूत होती.

"मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," वैजयंती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आज सक्सेनाजींनी विचारलं."

मनोहर ओल्या हातांनी शर्टाची बाही खाली करत राहिला.

"आज उपास आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझाही भात लावतेय."