टाकी अजून उभी आहे

माझ्या सरांना प्राध्यापकपद मिळालं नाही, याचा राग अजून येतो. मी कोण म्हणा राग धरणारी? सातवीत शाळा सुटलेली, चंदगडकडून नवऱ्यामागे जालन्याला आलेली बाई. नवरा सळईच्या कारखान्यात लागला आणि मला सरांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेतलं. बांधकामावरून तपासणीला आलेले काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, पाण्यातून काढायचे, पुसायचे, मशीनमध्ये ठेवून फोडायचे आणि किती भाराला फुटले तो आकडा सांगायचा. ओळख नाही, पाळख नाही, तरी घेतलं. आजही माझी नोकरी वर्षावर्षाने वाढवतात, म्हणून हे लिहितानासुद्धा लक्ष दाराकडे आहे.

सर इथल्याच कापडवाल्या मारवाडी घरातले. बाहेर मोठ्या संस्थेत शिकले, तिथेच शिकवलं आणि आपलं गाव म्हणून परत आले. विषय त्यांचा असा की बांधकामावर भरवसा किती ठेवायचा, ते गणिताने काढायचं. त्यांचे मोठे भाऊ दुकानातून डबा घेऊन यायचे आणि मशीनशेजारी उभे राहून चिडवायचे.

“इतकं शिकून तू सांगतो काय, तर ‘बहुतेक पडणार न्हाई’. हे तर आपला हमालबी सांगतो.”

“भाईसाब, त्या बहुतेकमधी किती लोकं बसतेत, ते मोजून राह्यलो,” सर डबा उघडत म्हणायचे.

ज्या वर्षी सरांची त्या पदासाठी मुलाखत होती, त्याच वर्षी वडीगोद्रीकडच्या एका गावातल्या पाण्याच्या टाकीचे क्यूब आले. ठेकेदार संस्थाचालकांचा पाहुणा. मी एकेक क्यूब ठेवत गेले, आकडा सांगत गेले. सगळे जवळजवळ एकाच आकड्याला फुटले. मला बरं वाटलं. सरांचं तोंड मात्र उतरलं. “एका आईची लेकरं इतकी सारखी नसतेत, बाई. हे तर काँक्रीट.”

ही इथली जुनी रीत. खांबात जातो तो माल वेगळा, आणि तपासणीच्या क्यूबसाठी जास्त सिमेंट घालून कालवतात तो वेगळा. सगळ्यांना माहीत असतं. ठेकेदाराचा माणूस तर हसूनच म्हणाला, “सर, नवरी दाखवताना साडी चांगलीच नेसवतेत ना?”

“मंग नवरीच बघू,” सर म्हणाले. “खांबाला छिद्र पाडून आतला तुकडा काढू, तो फोडू. तोवर तपासणीच्या कागदावर सही न्हाई.”

विभागप्रमुख सरांना समजावून थकले, तेव्हा माझ्याकडे आले. “बाई, तुमचंबी यंदाचं वाढवायचंय ना? सांगा जरा सरांना.” मी काही सांगितलं नाही, पण घरात भाकरी गोड लागेनाशी झाली.

शेवटी सही दुसऱ्या एका सरांनी केली. खांबाला कुणी हातसुद्धा लावला नाही. मुलाखतीत आमच्या सरांना विचारलं, तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय? आणि पद दिलं त्या सही करणाऱ्याला. सत्काराच्या खुर्च्या मी मांडल्या. सर मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांची चीड मला सगळ्यांत जास्त आली. मग त्यांच्याकडून प्रयोगशाळा काढली, तपासणीच्या कागदांवरची सही काढली, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना नकाशाच्या रेघा मारायला शिकवा म्हणून सांगितलं. वर जो तो ऐकवतो, “टाकी तर उभी हाय की, सर.” जणू टाकी उभी राहिली म्हणजे सर खोटे ठरले.

“पडली न्हाई म्हणजे पक्की, असं थोडंच असतं,” सर एवढंच म्हणतात. तेही हळू आवाजात. जरा ओरडा की, असं माझ्या तोंडावर येतं.

गेल्या महिन्यात शेजारणीच्या लेकीकडे बारशाला म्हणून त्याच गावी गेले. टाकीखाली सावलीत पोरं क्रिकेट खेळत होती. खांबावरच कोळशाने स्टंप काढलेले. मी म्हटलं, तिकडे लांब खेळा रे. तर लेकीची सासू हसली. “ताई, पास केल्याली टाकी हाय ती. उन्हात कशाला पिटाळता लेकरांना?” माझं कोण ऐकणार? मी फक्त क्यूब पुसते.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते फळ्यावर रेघ ओढत होते.

“भरेल होती का रिकामी?”

“भरलेली. वरून पाणी सांडत होतं.”

“म्हणजे सगळा भार खांबांवर,” म्हणत त्यांनी खडू ठेवला. तास संपवला आणि पिशवी उचलून बाहेर पडले. मी मागे धावले. “तिथं तुम्हाला कोण विचारणार, सर? सहीसुद्धा राहिली नाही तुमच्याकडे.”

“सहीचं जाऊ द्या. लांब मैदानात स्टंप तर ठोकून देता येतेत ना?”

वाटेत दुकानावर थांबून त्यांनी भावाकडे तीन काठ्या मागितल्या. भावाने कशाला ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी चिडवलं नाही. आतून चांगल्या बघून आणून दिल्या.

माझी रजा मंजूर नव्हती. तरी त्या गावाच्या वाटेवरच्या अंबडच्या गाडीत मी सरांच्या शेजारी जाऊन बसले. काठ्या त्यांच्या हातातून काढून माझ्या मांडीवर घेतल्या.