मशीन सुरू म्हटलं की अब्बा दम रोखतात

दोस्तहो, आत्ताच बोरी अरबच्या दवाखान्यातून आलो. डोक्यातून जाऊन नाही राह्यलं, म्हणून लिहितो.

माझे अब्बा रुई पिंजून गाद्या भरतात. त्यांना आज छातीच्या तपासणीले घेऊन गेलतो. सिस्टरनं मोबाईलला जोडलेला स्टेथोस्कोप त्यांच्या पाठीवर ठेवला. नुसत्या श्वासाच्या आवाजावरून फुफ्फुसात बिघाड वाटतो का, हे तो मोबाईल सांगतो म्हणे. हजारो लोकांचे श्वास ऐकवून त्याला शिकवलंय.

सिस्टर म्हणाली, "चाचा, मशीन सुरू करते."

स्क्रीनवर आलं, आवाज मिळाला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"चाचा, दम काहून रोखून राह्यले?"

"आदत हाय बेटा. पिंजायची मशीन सुरू झाली का रुई उडते. दम धराच लागते."

सिस्टर हसली. "बरं, केली बंद." आणि हळूच सुरू करायचं बटण दाबलं. अब्बांनी मोकळा श्वास सोडला. मोबाईलनं ऐकला. उजव्या बाजूला खाली शंका दाखवली.

"हा फक्त इशारा आहे," सिस्टर म्हणाली. "उद्या यवतमाळले एक्स-रे काढा, मग डॉक्टर सांगतील."

मले त्या मोबाईलचं लई कौतुक वाटलं, अन् सिस्टरचं त्याहून जास्त.

अब्बांचा खोकला आम्हीही रोज ऐकतो. गल्लीत ऐकू आला की अब्बा आले समजून अम्मी चहा ठेवते, मी दार उघडतो.

तुमच्या घरी कोणाच्या खोकल्यावर नुसतं दार उघडतात?